तापमापक ठेवावा कुठे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेच्या टेकडीवर चढतो आणि एका वळणावर सगळ्याच गाड्या थांबतात. खाली दोन पुळणी पसरलेल्या असतात, मध्ये डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता या वळणावर कुणी विचारलं, ‘आत्ता इथे तापमान किती आहे?’, तर या साध्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. रस्त्याच्या डांबरावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पुळणीवरची कोरडी वाळू पन्नास अंशांच्या घरात गेलेली असते, आणि त्याच वाळूत वीत-दीड वीत खाली हात घातला की ओला गारवा लागतो. समुद्राचं पाणी तिशीच्या आसपास असतं. सुरूच्या बनातली हवा एक, उघड्या कातळावरची दुसरी, आणि काचा लावून उभ्या केलेल्या गाडीतली तिसरीच. हाकेच्या अंतरात वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो, आणि यातलं एकही तापमान खोटं नाही.

तापमापक प्रत्यक्षात एकाच वस्तूचं तापमान सांगतो: स्वतःचं. वाळूत खोचला की त्याचा फुगा वाळूशी उष्णतेची देवाणघेवाण करतो, काही वेळाने दोघांचं तापमान सारखं होतं, आणि मग आपण ‘वाळूचं तापमान’ वाचतो. तोच तापमापक उन्हात हवेत धरला तर तो हवेकडून उष्णता घेतो, सूर्याकडून घेतो, धरलेल्या हाताकडूनही घेतो, आणि या सगळ्यांच्या ओढाताणीत कुठेतरी स्थिरावतो. तो आकडा हवेचा नसतो, सूर्याचा नसतो, हाताचाही नसतो. म्हणून तापमान मोजण्याच्या विद्येत उपकरण किती महाग आहे यापेक्षा ते कुठे आणि कसं ठेवलं आहे, हे आधी पाहावं लागतं. हे मोकळ्या किनाऱ्याला लागू आहे, तसंच टेबलाखालच्या संगणकालाही. तिथे तर सगळी अंतरं मिलिमीटरमध्ये असतात आणि फरक पुन्हा तसेच वीस-तीस अंशांचे.

हवामानशास्त्राने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवला. वर्तमानपत्रात रत्नागिरीचं कमाल तापमान छापून येतं ते भारतीय हवामान विभागाच्या रत्नागिरी वेधशाळेतलं असतं. जगभर रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीच्या भिंती दुहेरी झडपांच्या असतात, त्यामुळे हवा खेळती राहते आणि ऊन आत येत नाही. आतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो, म्हणजे तापलेल्या जमिनीचा थेट परिणाम त्याच्यावर होत नाही. आपल्या गोलार्धात पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं, वाचन घेताना ऊन आत पडू नये म्हणून. ही पेटी योजणारा थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा, दीपगृहं बांधणारा अभियंता. (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा.) किनाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाला ऊन, वारा आणि खारी हवा यांतून खरा आकडा कसा काढायचा याचा विचार करावा लागला, हे मला फार स्वाभाविक वाटतं. रत्नदुर्गावरच्या दीपगृहाशी उभं राहिलं की ते अधिकच पटतं.

या पेटीमुळे मिळणारा आकडा आरे-वारेच्या वाळूचा नसतो, डांबराचाही नसतो. पण तो नेमका कशाचा आहे हे ठाऊक असतं, आणि म्हणून मार्चमधल्या एखाद्या दिवसाची तुलना मे महिन्याशी किंवा डहाणूशी करता येते. कोकणात कडक उन्हाळा अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्येच जाणवतो. पूर्वेकडून, घाटमाथ्यावरून उतरणारी कोरडी हवा जोर धरते, दुपारचे खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा चढत राहतो. मे महिन्यात खारे वारे वेळेवर येतात, पारा त्या मानाने कमी राहतो, पण दमटपणाने जीव जातो. हे ज्ञान वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच पद्धतीने ठेवलेल्या तापमापकाने दिलं आहे.

तापमापकाच्या जागेवर पैसेही अवलंबून असतात. हवामान आधारित फळपीक विम्यात आंबा आणि काजू बागायतदारांना मिळणारी भरपाई त्या त्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली ठरलेले दिवस राहिलं तर रक्कम, नाही तर नाही. अशा केंद्राच्या शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली, किंवा झाडं वाढून वारा अडला, तर वाचनात अंश-दीड अंशाचा फरक पडू शकतो. ‘केंद्र कुठे उभं आहे, त्याच्याभोवती काय आहे?’ हा प्रश्न बागायतदाराने विचारलाच पाहिजे, आणि त्याला उत्तर मिळालंच पाहिजे.

आता संगणकाकडे वळू. आरे-वारेच्या रस्त्यावरचं एखादं घरगुती निवासस्थान डोळ्यांपुढे आणा. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पडवीच्या कोपऱ्यात टेबल, त्याखाली बिलं आणि बुकिंग सांभाळणारा संगणक. उन्हाळ्यात तो मंदावतो, मध्येच आपोआप बंद पडतो. ‘प्रोसेसर तापतोय’ असं सगळेच म्हणतात. किती तापतोय?

उष्णता जिथे जन्मते ती जागा म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी सिलिकॉनची चकती. तिच्यावर धातूचं झाकण असतं, बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचं. चकती आणि झाकण यांच्यामध्ये डाख किंवा पेस्ट असते. झाकणावर पुन्हा पेस्ट, त्यावर हीटसिंकचा तळ, तळातून वर आलेली पाती, पात्यांतून फिरणारी कॅबिनेटमधली हवा, आणि शेवटी खोलीतली हवा. उष्णता या वाटेने बाहेर पडते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला अडथळा होतो. विजेच्या प्रवाहाला रोध असतो तसाच हा उष्णतेचा रोध, आणि तो ‘एका वॉटला किती अंश’ असा मोजतात. ६५ वॉट उष्णता वाहत असेल आणि एखाद्या टप्प्याचा रोध वॉटला ०.२ अंश असेल, तर त्या टप्प्याच्या दोन बाजूंमध्ये १३ अंशांचा फरक पडणारच.

ढोबळ पण वास्तवाला धरून असलेले आकडे घेऊ. खोली ३३ अंश. कॅबिनेटमधली हवा ३८. हीटसिंकच्या पात्यांची टोकं ४६. हीटसिंकचा तळ ५८. धातूचं झाकण ६२. सिलिकॉनची चकती ७५. एकाच क्षणी, एकाच संगणकात, दहा-बारा सेंटिमीटरच्या अंतरात हे सहा आकडे आहेत. पात्यांना सेन्सर चिकटवणारा म्हणेल प्रोसेसर ४६ अंशांवर आहे, चिंता नको. तव्याची दांडी धरून तवा किती तापला ते ठरवण्यासारखं हे आहे. दांडी तापलेली असते हे खरं, पण भाकरी तिच्यावर भाजायची नसते.

चकतीही सगळीकडे सारखी तापत नाही. गणिती काम करणारे भाग एका कोपऱ्यात असतात, साठवणीचे भाग दुसरीकडे, आणि जड काम चालू असताना तीन-चार मिलिमीटरच्या अंतरात दहा किंवा त्याहून जास्त अंशांचा फरक पडतो. ज्या ठिकाणी सर्वाधिक तापतं तिथेच आधी बिघाड होतो, म्हणून सरासरीचा इथे उपयोग नाही.

जागेइतकाच वेळेचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. चारशे ग्रॅम ॲल्युमिनिअमचा हीटसिंक घ्या. त्याचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ३६० ज्यूल उष्णता लागते. ६५ वॉटने ती पुरवली तर एक अंश चढायला साडेपाच सेकंद लागतात. आता सिलिकॉनची चकती पाहा. दीडशे चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ, पाऊण मिलिमीटर जाडी, म्हणजे वजन पाव ग्रॅमच्या जरासं वर. तिला एक अंश चढायला ०.१८ ज्यूल पुरतात. हीटसिंक निसटला आणि उष्णता बाहेर जाण्याची वाटच बंद झाली, तर हीच चकती ६५ वॉटवर सेकंदाला साडेतीनशे अंशांच्या वेगाने तापू लागेल. पात्यांवर चिकटवलेल्या सेन्सरला तोवर काहीच कळलेलं नसेल. उलट हीटसिंक निसटल्यामुळे तो थंड होत असल्याचं सांगेल.

हा नुसता हिशेब नाही, तसं घडलेलं आहे. नव्वदच्या दशकात अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या सॉकेटच्या मधोमध एक थर्मिस्टर बसवलेला असे. थर्मिस्टर म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा छोटा घटक. नेहमीच्या प्रकारात तापमान वाढलं की रोध घटतो. त्याच्या दोन बारीक तारा वर वाकवलेल्या असत, जेणेकरून त्याचं डोकं प्रोसेसरच्या पोटाला टेकावं. कधी टेकायचं, कधी केसभर अंतर राहायचं, आणि टेकलं तरी मध्ये प्रोसेसरची चिनी मातीची किंवा प्लास्टिकची बैठक असायचीच. चकती वरच्या अंगाला, हीटसिंकही वरच्या अंगाला, आणि सेन्सर खाली. त्यामुळे वाचन नेहमी कमी यायचं आणि उशिरा यायचं. त्या काळी जाणकार लोक वाचलेल्या आकड्यात आपल्या अनुभवाने काही अंश मिळवून खरा अंदाज बांधत. दोन मदरबोर्डांवर तोच प्रोसेसर बसवला तरी दोन वेगळी तापमानं दिसत, कारण थर्मिस्टर किती वाकवला आहे ते प्रत्येक बोर्डावर वेगळं.

२००१ साली एक चाचणी जगभर गाजली. संगणकावर खेळ चालू असताना चाचणी घेणाऱ्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ उपटून काढला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. त्याच्या चकतीतच सेन्सर होता आणि मर्यादा ओलांडली की स्वतःचा वेग कमी करण्याची व्यवस्थाही चकतीतच होती. पेंटियम ३ जागच्या जागी थांबला आणि वाचला. एएमडीचा त्या वेळचा अ‍ॅथलॉन मात्र काही क्षणांत जळून गेला. त्याच कंपनीच्या नव्या प्रोसेसरमध्ये चकतीत डायोड बसवलेला होता, तरी तोही जळाला, कारण त्या डायोडचं वाचन घेणारा मदरबोर्ड इतक्या वेगाने वीज तोडू शकत नव्हता. सेन्सरची जागा बरोबर होती, पण तिथून निर्णयापर्यंतची वाट लांब होती. या चाचणीनंतर वाद पुष्कळ झाले, कारण चालत्या संगणकाचा हीटसिंक सहसा कुणी उपटत नाही. पण वाहतुकीत पकड सुटलेला हीटसिंक, तुटलेली क्लिप, हे प्रकार खरोखर घडतात, आणि रत्नागिरीपर्यंत घाटातून धक्के खात आलेल्या खोक्यात तर नक्कीच.

चकतीतला सेन्सर कसा काम करतो हे समजून घेण्यासारखं आहे. सिलिकॉनच्या डायोडमधून ठराविक प्रवाह सोडला तर त्याच्या दोन टोकांमधला दाब दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. म्हणजे प्रत्येक डायोड हा जन्मजात तापमापकच आहे. अडचण इतकीच की प्रत्येक डायोड थोडा वेगळा असतो. त्यावर फार देखणी युक्ती आहे: त्याच डायोडमधून आधी एक छोटा प्रवाह सोडायचा, मग त्याच्या दहापट, आणि दोन दाबांमधला फरक घ्यायचा. फरक घेताना डायोडच्या बनावटीतलं वेगळेपण बहुतांशी वजा होतं आणि उरतो तो निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असलेला आकडा, अंशाला सुमारे ०.२ मिलिव्होल्ट. एवढा बारीक आकडा मदरबोर्डावरच्या लांब तारांमधून, शेजारच्या विजेच्या गोंगाटातून सांभाळून न्यायचा म्हणजे कसोटीच. जोडणीत एक ओहम जादा रोध आला आणि प्रवाह १० व १०० मायक्रोअँपिअर असले, तर वाचन जवळजवळ अर्ध्या अंशाने चुकतं.

म्हणून पुढचं पाऊल उचललं गेलं: तापमानाचं अंकात रूपांतरही चकतीच्या आतच करायचं. इंटेलच्या २००६ पासूनच्या कोअर मालिकेत ही व्यवस्था आहे, आणि आजच्या प्रोसेसरांमध्ये असे अनेक सेन्सर चकतीभर पसरलेले असतात. प्रत्येक गाभ्याला निदान एक असतोच. या सेन्सरांचं एक वैशिष्ट्य सर्वसामान्य वापरणाऱ्याला सांगितलं जात नाही. ते मुळात तापमान सांगतच नाहीत, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत ते सांगतात. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर २५ म्हणाला, की पडद्यावरचं सॉफ्टवेअर वजाबाकी करून ७५ दाखवतं. रचना संरक्षणासाठी आहे, त्यामुळे मर्यादेजवळ वाचन चांगलं आणि खूप खाली गेलं की सैल. पडवीतली हवा ३३ अंश असताना साध्या पंख्यावर चालणारा प्रोसेसर २९ अंश दाखवू लागला, तर ते वाचन बिनदिक्कत बाजूला ठेवावं. भोवतालच्या हवेपेक्षा हवेनेच कुणी थंड होत नाही.

२०१७ साली एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांनी याच ठिकाणी लोकांना गोंधळात टाकलं. त्यांचा पंख्यासाठी असलेला आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलेला होता, म्हणजे सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांसाठी पंख्याचं धोरण एकच ठेवता यावं. विकत घेतल्या दिवशीच लोकांना आपला प्रोसेसर भयंकर तापतोय असं वाटलं. आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी होता आणि माणसं तो प्रोसेसरचं तापमान म्हणून वाचत होती.

मग चकतीत एवढी सोय असताना बाहेरून सेन्सर लावायचाच कशाला? कारणं आहेत. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, जुना राउटर, पंपाचा नियंत्रक अशा अनेक यंत्रांत प्रोसेसर असतो, पण त्याचं तापमान दाखवायची सोय नसते. हीटसिंक किंवा पेस्ट कशी काम करते ते तपासायचं असेल तरी चकतीबाहेरचा दुसरा बिंदू लागतो. आणि पंख्यासाठीही चकतीचा आकडा फार चंचल असतो. एखादी मोठी फाइल उघडली की तो क्षणात वीस अंश उडी मारतो, पंखा किंचाळतो आणि पुन्हा गप्प होतो. हीटसिंकच्या तळाचा आकडा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, पंख्याला तोच मानवतो. संरक्षणाला चकतीतला सेन्सर आणि पंख्याला तळातला, ही विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

बाहेरचा सेन्सर लावताना पहिला मोह होतो तो प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्येच सरकवून देण्याचा. तो टाळायलाच हवा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा मणी मध्ये आला की हीटसिंक तेवढा वर उचलला जातो आणि ती फट पेस्टने भरून काढावी लागते. तीन सेंटिमीटर बाजूच्या चौरसावर अर्धा मिलिमीटर चांगल्या प्रतीच्या पेस्टचा थर ६५ वॉटवर नऊ अंशांची भर घालतो. तापमान मोजायला गेलो आणि मोजण्यानेच ते वाढवून बसलो.

प्रोसेसर बनवणाऱ्यांची स्वतःची पद्धत वेगळी आहे. ते झाकणाच्या वरच्या पृष्ठभागावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक चर कोरतात, त्यात केसासारखी थर्मोकपलची तार बसवतात आणि झाकणाच्या बरोबर मध्यबिंदूवर तिचा सांधा पक्का करतात. तार पृष्ठभागाच्या खाली राहते, त्यामुळे हीटसिंक पूर्ण टेकतो. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. थॉमस योहान सेबेक याने १८२१ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो, आणि नेहमीच्या प्रकारात अंशाला चाळीस मायक्रोव्होल्टच्या आसपास दाब देतो. झाकणात चर कोरणं घरी करण्यासारखं नाही. त्यापेक्षा हीटसिंकच्या तळाच्या जाडीत, बाजूने आडवं, प्रोसेसरच्या मध्यापर्यंत पोहोचणारं बारीक भोक पाडावं, त्यात पेस्ट भरावी आणि सेन्सर टोकापर्यंत सरकवावा. तळाचा स्पर्श बिघडत नाही, सेन्सर चारी बाजूंनी धातूने वेढलेला राहतो आणि वारा त्याला लागत नाही.

भोक पाडता येत नसेल तर सेन्सर तळाच्या कडेला, प्रोसेसरच्या शक्य तितका जवळ, पेस्ट लावून दाबून बसवावा आणि वरून फोमचा तुकडा लावावा. नुसत्या चिकटपट्टीने लावलेला सेन्सर अर्धा धातूचा आणि अर्धा वाऱ्याचा होतो, आणि पंख्याचा वेग वाढला की खुद्द हीटसिंक जितका थंड होतो त्याहून जास्त थंड दाखवतो. तारेकडेही लक्ष हवं. तांब्याची तार उष्णता वाहून नेते. सेन्सरपासून ती सरळ हवेत उचलली तर ती सेन्सरलाच थंड करत राहते. म्हणून तारेचा पहिला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग त्याच तापलेल्या धातूला चिकटून न्यावा आणि मग बाहेर काढावा. डीएस१८बी२० सारखे बाजारात सहज मिळणारे सेन्सर उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतात, अशी त्यांच्या निर्मात्याची हमी आहे. चुकीच्या जागेमुळे पडणारा फरक मात्र याच्या वीसपट असू शकतो.

समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: मीठ. खाऱ्या हवेतला क्षार जोडण्यांवर बसतो आणि पावसाळ्यात ओलावा धरतो. त्या ओल्या थरातून थोडा प्रवाह पाझरू लागतो. दहा हजार ओहमच्या थर्मिस्टरला अशी दोन लाख ओहमची समांतर वाट मिळाली, तर खोलीच्या तापमानाला वाचन सुमारे एक अंशाने जास्त येतं. उलट जोडणी गंजून तिचा रोध वाढला तर वाचन कमी येतं, आणि हे जास्त धोक्याचं, कारण पंखा गरजेपेक्षा मंद फिरत राहतो. आरे-वारे, काळबादेवी, नेवरे अशा पट्ट्यात सेन्सरच्या जोडावर डाख द्यावा, त्यावर आवरणनळी चढवावी आणि जोडाची टोकं बंद करावीत. नुसता पीळ मारलेला जोड इथे एक पावसाळा काढत नाही.

या किनाऱ्याचा अंदाज जिथे तयार होतो तिथेही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात असतो. पुण्यात पाषाण इथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. २०२५ च्या मे महिन्यापासून वापरात आलेली भारत फोरकास्ट सिस्टीम देशाचे सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढते. अशा एकाच चौकोनात आरे-वारेच्या दोन्ही पुळणी, मधली टेकडी आणि समुद्राचा तुकडा सहज मावतो. अंदाजातलं तापमान त्या सगळ्यांचं मिळून असतं. वाळू आणि पाणी त्यात वेगळी होत नाहीत.

पुण्यातल्याच आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक प्रोसेसरला थेट भिडणाऱ्या द्रवाने थंड होतो. अशा रचनेत सेन्सर पाण्यात ठेवावा असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून पाहा: मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ६५ वॉट उष्णता घेऊन ते एक अंशानेही तापत नाही. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी जवळजवळ सारखंच. अर्ध्या अंशाची चूक करणारा सेन्सर तिथे प्रोसेसरबद्दल काहीच बोलू शकत नाही. पाण्यातला सेन्सर एकूण किती उष्णता बाहेर गेली हे शेकडो प्रोसेसरांचं मिळून सांगतो, पण एका प्रोसेसरच्या तब्येतीसाठी चकतीतलाच सेन्सर विचारावा लागतो.

पडवीतल्या संगणकासाठी दोन जास्तीचे सेन्सर पुरतात. एक कॅबिनेटमध्ये हवा शिरते तिथे, जाळीच्या बाहेर दोन बोटं, उन्हाच्या तिरिपेपासून आणि मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेपासून दूर. दुसरा हीटसिंकच्या तळात. तिसरा चकतीतला, तो आहेच. मार्चमध्ये यंत्र स्वच्छ असताना एकच ठरलेलं जड काम अर्धा तास चालवावं आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत: समजा ३३, ५८, ७५. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच काम तेवढाच वेळ चालवावं. खोली पुन्हा ३३ आणि चकती ८६ निघाली, तर अकरा अंश कुठे वाढले ते तळाचा आकडा सांगतो. तळ ५८ वरून ६९ वर गेला असेल तर चकती आणि तळ यांतलं अंतर पूर्वीइतकंच, सतरा अंश आहे. म्हणजे पेस्ट ठीक आहे आणि पात्यांत धूळ-क्षाराचा चिखल बसला आहे किंवा पंखा मंदावला आहे. ब्रशने पाती साफ केली की काम होतं. तळ ५८ वरच असेल आणि अंतर सतराचं अठ्ठावीस झालं असेल, तर हवेची वाट मोकळी आहे आणि पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंकची पकड सैल झाली आहे. मग पंखा बदलून काही होणार नाही. हीटसिंक उतरवावा, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून काढावी, मटाराएवढी नवी लावावी आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत न्यावेत.